वकिलीचे दार आणि मराठी विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी एक प्रसंग दरवर्षी घडतो. कला किंवा वाणिज्य शाखेत चांगले गुण मिळविलेली एखादी मुलगी वडिलांना घेऊन महाविद्यालयाच्या कार्यालयात येते आणि वकिलीच्या शिक्षणासाठी चांगल्या विद्यापीठात जायचे तर काय करावे लागते, याची चौकशी करते. तिला जे उत्तर मिळते ते ऐकून बापलेक दोघेही गप्प होतात. देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा तोवर केव्हाच होऊन गेलेली असते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली. म्हणजे बारावीच्या लेखी परीक्षेच्याही आधी. तिचे अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये निघतात आणि दिवाळीच्या आगेमागे मुदत संपते. अर्जाचे शुल्क साधारण प्रवर्गासाठी चार हजार रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी साडेतीन हजार. पात्रतेसाठी बारावीला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण पुरतात. मुलीजवळ ते त्याहून कितीतरी अधिक असतात, आणि त्यांचा त्या वर्षापुरता काही उपयोग नसतो.

शहरातील इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ही परीक्षा नववी-दहावीपासून ठाऊक असते. त्याच्या शेजारचे कोणी तरी ती दिलेले असते, शाळेत खासगी क्लासचे लोक येऊन पत्रके वाटून गेलेले असतात. तेव्हा प्रवेश परीक्षेची तयारी कशी करावी, हा प्रश्न विचारला जातो त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो: अशी परीक्षा आहे हे कोणाला आणि केव्हा कळते? या पहिल्याच पायरीवर जे गळतात त्यांची मोजदाद कोणत्याही गुणवत्ता यादीत होत नाही.

एके काळी वकील होण्यासाठी असली परीक्षाच नव्हती. पदवी घ्यावी, १८५५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात किंवा पुण्याच्या १९२४ सालच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयात नाव घालावे आणि परीक्षा देत राहावे, अशी सरळ वाट होती. सकाळी व्याख्यान ऐकून साडेदहाला कचेरी गाठणारे आणि कारकुनी करता करता सनद मिळविणारे लोक गावोगाव होते. देशाचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड हे दोघेही पुण्याच्या याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. २०२५ साली त्याच पदावर बसलेले भूषण गवई यांचे प्राथमिक शिक्षण अमरावतीत नगरपालिकेच्या शाळेत झाले आणि कायद्याची पदवीही अमरावती विद्यापीठाची. यांपैकी कोणालाही सतराव्या-अठराव्या वर्षी दोन तासांत आपली लायकी सिद्ध करून दाखवावी लागली नव्हती.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. हजेरीपुरते भरणारे वर्ग, परीक्षेच्या आदल्या महिन्यात घेतलेली गाइडे आणि कायद्याचा एकही ग्रंथ मुळातून न वाचता मिळालेली पदवी, हे तिचे दुसरे अंग होते. याच दुरवस्थेतून वाट काढण्यासाठी १९८७ साली बंगळूर येथे राष्ट्रीय विधी विद्यालय उभे राहिले आणि एन. आर. माधव मेनन यांनी त्याला आकार दिला. बारावीनंतरचा सलग पाच वर्षांचा, पूर्ण वेळेचा आणि निवासी अभ्यासक्रम ही कल्पना तिथे रुजली. पुढे राज्याराज्यांत तशी विद्यापीठे निघाली. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये कायदा केला आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे अशी तीन विद्यापीठे सुरू झाली. सुरुवातीला प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा निराळी असे. एका उन्हाळ्यात देशभर रेल्वेने हिंडून परीक्षा देण्याची ही यातायात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००८ पासून सात विद्यापीठांची मिळून एक सामाईक परीक्षा सुरू झाली. तिलाच विद्यार्थी 'क्लॅट' म्हणतात. आज वीसहून अधिक विद्यापीठे तिच्या गुणांवर प्रवेश देतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ तेवढे आपली चूल वेगळी मांडून आहे.

या परीक्षेचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयी न्यायाने बोलता येणार नाही. २०१९ पर्यंत तिच्यात दोनशे सुटे प्रश्न असत आणि पाठांतराला बराच वाव असे. २०२० पासून सगळी प्रश्नपत्रिका उताऱ्यांवर बेतली जाऊ लागली. आता १२० प्रश्न, १२० मिनिटे. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. चालू घडामोडी आणि कायदेविषयक तर्क यांचे प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न, इंग्रजी आणि सर्वसाधारण तर्कशास्त्र यांचे प्रत्येकी २२ ते २६, आणि आकडेमोडीचे १० ते १४. वजा गुणांची विद्यार्थ्यांना उगाच भीती घातली जाते. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली तरी सोळा प्रश्नांत सरासरीने चार बरोबर आणि बारा चूक, म्हणजे चारातून तीन जाऊन एक गुण हाती राहतो. एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला तर हिशेब आणखी अनुकूल होतो. अर्थात अंदाजाने कोणी वकील होऊ नये, हे निराळे.

कायदेविषयक तर्काचा भाग हा या परीक्षेचा गाभा, आणि तो खरोखर चांगला आहे. त्यासाठी कायदा आधी ठाऊक असावा लागत नाही; नियम उताऱ्यातच दिलेला असतो. एक उदाहरण घेऊ. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८६८ मध्ये निकालात काढला. एका गिरणीवाल्याने बांधून घेतलेल्या तलावाचे पाणी जुन्या, सोडून दिलेल्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. त्यावरून असा नियम निघाला की, आपल्या जमिनीवर अस्वाभाविक रीतीने जो कोणी उपद्रवकारक वस्तू आणून साठवील, त्याने ती हद्दीबाहेर जाऊन झालेल्या नुकसानीची भरपाई केली पाहिजे. त्याची हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. दैवी आपत्ती किंवा तिऱ्हाइताचे कृत्य हे मात्र अपवाद.

आता हा नियम उताऱ्यात देऊन प्रश्न विचारावा तो असा: एका शेतकऱ्याने शेततळे खोदले, काळजीपूर्वक बांध घातला, तरी बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत शिरले. भरपाई द्यावी लागेल काय? दुसरा प्रश्न: बांध रात्री कोणा परक्या माणसाने फोडला असेल तर? तिसरा: कधी कोणी पाहिला नाही असा पाऊस एका रात्रीत कोसळला असेल तर? चौथा, आणि सर्वांत अवघड: दुष्काळी भागात शेतीसाठी शेततळे करणे हा जमिनीचा अस्वाभाविक वापर मानावा काय? पहिल्या प्रश्नावर गावाकडच्या मुलाचे मन चटकन म्हणते, 'त्या बिचाऱ्याचा काय दोष?' इथेच बहुसंख्य विद्यार्थी चुकतात. दोष आहे की नाही हे नियम विचारतच नाही. आपली सहानुभूती, ऐकीव माहिती आणि गावच्या पंचांची न्यायबुद्धी बाजूला ठेवून दिलेल्या नियमाच्या चार शब्दांना चिकटून राहणे ही या भागाची खरी तयारी होय. नियमाचे घटक एकामागून एक सुटे करावेत: वस्तू आणली काय, साठवली काय, हद्दीबाहेर गेली काय, वापर अस्वाभाविक होता काय, अपवाद लागू आहे काय. एखादा घटक जुळला नाही तर निष्कर्ष बदलतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांपुरते हे अपवादही काढून टाकले. ती माहिती असणे चांगले. पण उताऱ्यात नियम जुना दिलेला असेल तर उत्तरही जुन्या नियमानेच द्यायचे असते.

अशा प्रश्नात तालुक्याच्या गावातील मुलगी मागे पडण्याचे कारण काय? सातबारा, फेरफार, ताबा, वहिवाट, गहाणखत, बक्षीसपत्र हे शब्द तिने जेवताना ऐकलेले असतात. बांधावरून दोन भावांत सुरू झालेला दावा पंधरा वर्षे कसा चालतो, हे तिने पाहिलेले असते. शहरातल्या मुलाला दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागतो. तिला तो घरातल्या खर्चावरून कळतो. जमिनीच्या वादाचा उतारा मराठीत समोर ठेवला तर शहरातल्या मुलाला ती सहज भारी पडेल. तो तसा ठेवला जात नाही. प्रश्नपत्रिका संपूर्णपणे इंग्रजीत असते आणि उत्तराला दुसऱ्या भाषेचा पर्याय नसतो.

भाषेची ही अडचण शब्दसंग्रहाची आहे असे समजणे चूक ठरेल. शब्दकोश पाठ केल्याने ती सुटत नाही. 'कन्सिडरेशन' म्हणजे 'विचार' असा अर्थ मराठी शाळेत शिकलेली मुलगी करारविषयक उतारा वाचू लागते आणि तिसऱ्या वाक्याला अडखळते, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ 'मोबदला' असा असतो. 'एस्केप' म्हणजे 'निसटणे' एवढे तिला ठाऊक असते. पाण्याने हद्द ओलांडणे या अर्थाने तो शब्द येतो तेव्हा ती क्षणभर थांबते. असे क्षण साठत जातात. उतारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे असतात आणि एका उताऱ्यावर साधारण चार ते सहा प्रश्न. हिशेब केला तर उताऱ्यांचेच वाचन नऊ-दहा हजार शब्दांच्या घरात जाऊ शकते. प्रश्न आणि त्यांचे पर्याय त्यावर आणखी. वर्तमानपत्रातील अशा लांबीचे वीसेक लेख वाचून, प्रत्येकावर वाद घालून, दोन तासांत उठायचे असा तो प्रकार आहे. मातृभाषेतही हे सोपे नाही. ज्या भाषेत मुलीने आजवर केवळ क्रमिक पुस्तकातील धडे वाचले, तीत तिच्या बुद्धीची परीक्षा होण्यापूर्वीच घड्याळ तिला बाद करते.

यावर ठरलेले उत्तर असे की, या विद्यापीठांतील अध्यापन इंग्रजीत चालते; उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते; मग इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्याला आत घेऊन त्याचे हालच करायचे काय? हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. पाच वर्षे इंग्रजी निकालपत्रे वाचायची आहेत, तर इंग्रजीची जाण तपासली जाणे रास्तच आहे. परंतु त्यासाठी प्रश्नपत्रिकेत इंग्रजीचा स्वतंत्र भाग आहे. तो तसाच ठेवावा, वाटल्यास कठीण करावा. तर्कशक्ती, आकडेमोड आणि जगाचे भान याही गोष्टी पुन्हा इंग्रजीतूनच मोजल्या, तर एकाच उणिवेची शिक्षा पाच वेळा होते. भाषा दोन वर्षांत सुधारते. नियम आणि वस्तुस्थिती यांची सांगड घालण्याची बुद्धी अठराव्या वर्षी असावी लागते.

शिवाय न्यायालय म्हणजे केवळ उच्च न्यायालय, अशी समजूत या युक्तिवादामागे दिसते. महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा काही अपवाद ठेवून मराठी केली. पक्षकार मराठीत बोलतो, साक्ष मराठीत होते, दस्त मराठीत असतात. सामान्य माणसाचा न्यायसंस्थेशी येणारा संबंध बव्हंशी याच पायरीवर सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच संपतो. इतकेच नव्हे, कायद्याची पदवी घेतल्यावर वकिलीसाठी बार कौन्सिल ऑफ इंडिया जी परीक्षा घेते ती मराठीतून देता येते. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' २०१७ पासून मराठीतून होते, अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून. शरीरशास्त्र आणि विद्युतशास्त्र मराठीतून तपासता येते, वकिलीचा परवाना मराठीतून मिळू शकतो; मात्र वकिलीच्या उत्तम शिक्षणाचे दार इंग्रजीखेरीज उघडत नाही. ही विसंगती दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०२३ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने जनहित याचिकेद्वारे मांडली. बार कौन्सिलने मागणीला पाठिंबा दिला; विद्यापीठांच्या संघाने त्या वर्षी ते शक्य नसल्याचे सांगितले. त्यानंतरच्या परीक्षाही इंग्रजीतच झाल्या.

आता राज्य शासनाच्या परीक्षेकडे पाहावे. राज्यातील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी २०१६ पासून होणारी सामाईक परीक्षा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते आणि तीत वजा गुण नाहीत. म्हणजे तर्काचे प्रश्न मराठीत विचारता येतात, हे याच राज्यात सिद्ध झालेले आहे. पण ती परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाता येत नाही. राज्याच्या पैशाने आणि राज्याच्या कायद्याने निघालेल्या तीन विद्यापीठांतही नाही. तिथे राज्यातील रहिवाशांसाठी ज्या जागा राखीव आहेत त्याही याच इंग्रजी परीक्षेतून भरल्या जातात. साहजिकच त्यांवर येणारी मुले पत्त्याने महाराष्ट्रातील असतात, वळणाने महानगरातील. निदान या जागांपुरता भाषेचा पर्याय मागणे विधिमंडळाला अवघड नाही. तो मागितल्याचे ऐकिवात नाही.

मागणी करताना एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. इंग्रजी प्रश्नपत्रिका घेऊन तिचे शब्दशः भाषांतर करणे हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल. भौतिकशास्त्राच्या प्रश्नात भाषांतर ओबडधोबड असले तरी आकडे आणि सूत्रे वाचवून नेतात. उताऱ्याच्या परीक्षेत शब्द हेच सर्वस्व. सरकारी मराठीचा जो मासला परिपत्रकांतून वाचायला मिळतो, त्या मराठीत साडेचारशे शब्दांचा उतारा दिला तर मराठी शाळेतील मुलगी इंग्रजी प्रत मागून घेईल. मूळ इंग्रजीतदेखील उत्तरांबद्दल एकमत होत नाही, याचा अनुभव ताजा आहे. १ डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतील उत्तरसूचीवर आक्षेप घेतले गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने दोन उत्तरे चूक ठरविली, प्रकरण पुढे गेले आणि ७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याचा शेवट झाला. पाच महिने विद्यार्थी टांगणीला लागले होते. तेव्हा मराठीसाठी उतारे मराठीतच रचले गेले पाहिजेत. ते कायदा जाणणाऱ्या आणि मराठी लिहिता येणाऱ्या माणसांनी रचले पाहिजेत. अशी माणसे जिल्हा न्यायालयांत आहेत. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, संविधान मराठीत उपलब्ध आहे. साधनांवाचून काही अडलेले नाही.

पण हे सारे होईल तेव्हा होईल. येत्या डिसेंबरला बसू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आज काय सांगावे? खासगी क्लासचे उत्तर तयार असते: भरपूर शुल्क, सरावाच्या पन्नास प्रश्नपत्रिका आणि घड्याळ लावून सोडविण्याची सवय. सरावपत्रिकांचा उपयोग नाही असे नाही. आपण कोठे वेळ घालवतो हे त्यातून कळते आणि सोडविलेल्या पत्रिकेतील चुका तपासायला पत्रिका सोडविण्याहून दुप्पट वेळ दिला तरच त्यांचे चीज होते. परंतु मूळ वाचन नसलेल्याने रोज एक पत्रिका सोडविणे म्हणजे न पेरलेल्या शेतावर रोज विळा घेऊन जाणे. क्लास जे विकतो ते मुख्यतः वाचनच आहे: अग्रलेख वाचा, त्यातील मुख्य म्हणणे एका वाक्यात लिहा, लेखकाने गृहीत काय धरले ते शोधा, त्याला छेद देणारी एक गोष्ट सांगा. हे शिकविणे एके काळी शाळेचे काम होते. सारांशलेखन आणि निबंध यांना वर्गात जी उतरती कळा लागली, तिची वसुली आता शिकवणीच्या पावतीवर होते.

कनिष्ठ महाविद्यालयांना हे काम परत घेता येईल, आणि त्यासाठी कायद्याची पदवी असलेला शिक्षकही लागत नाही. आठवड्यातून दोन तास पुरेत. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत उतारे मराठी असावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद २०१९ पासून न्यायालयाच्या संकेतस्थळावर येऊ लागले आहेत. त्यांतील एखादे पान घ्यावे, वादी काय म्हणतो, प्रतिवादी काय म्हणतो, न्यायालयाने कोणता नियम लावला, एवढेच वर्गात काढून घ्यावे. दुसऱ्या सहामाहीपासून तेच पान इंग्रजीतून शेजारी ठेवावे. ज्या मजकुराचा आशय मुलीने मराठीतून पचविला आहे, त्याचे इंग्रजी तिला परके वाटत नाही. 'कन्सिडरेशन' म्हणजे 'मोबदला' हे मग पाठ करावे लागत नाही. संविधानाच्या मूलभूत हक्कांचा भाग दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवून वाचावा. बारावीच्या आरंभी घड्याळ हाती घ्यावे, त्याआधी नको. वेग हा समजुतीच्या मागोमाग येतो. आधी वेग शिकविलेली मुले चटकन चुकीच्या पर्यायावर जातात.

कोणी म्हणेल, हे लिहायला सोपे. त्याला एक दाखला देता येईल. शामनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये 'इडिया' नावाची संस्था काढली. साधनहीन घरांतील मुले हेरून, विधी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून त्यांना शिकवून, या परीक्षेला बसविणे आणि प्रवेशानंतरही पाठीशी उभे राहणे हा तिचा उद्योग. बशीर २०१९ मध्ये अकाली गेले. काम थांबले नाही. त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट पुढे आली की, प्रवेश मिळविण्याइतकेच तिथे टिकणे अवघड असते. इंग्रजीतून चालणारे वर्ग, वादविवादाच्या स्पर्धा, भोजनगृहातील बोलणे, आणि वर्षाला बहुतेक ठिकाणी दोन लाखांच्या वर जाणारे शुल्क. शिष्यवृत्त्या आणि बँकेची कर्जे आहेत. त्यांचे कागद वेळेवर जमविणे हीदेखील तयारीच. उत्पन्नाचा, जातीचा आणि रहिवासाचा दाखला निकालानंतर तहसील कचेरीत धाव घेऊन मिळवायचा म्हटला तर जागा हातची जाते. लिपिक वर्गाने मनावर घेतले तर हे दाखले अकरावीतच तयार होतील. पन्नास मुलांचे अर्ज एकदम कचेरीत नेऊन दिले तर काम कसे होते, हे कचेरीतल्या माणसाला सांगायला नको.

जून महिन्यात महाविद्यालये उघडतात. त्या वेळी कार्यालयाबाहेरच्या फलकावर शुल्काच्या आणि गणवेशाच्या सूचना लागतात, सेतू केंद्राचा पत्ता लागतो. त्यांच्या शेजारी मोठ्या अक्षरांत एक कागद लावायला एका खिळ्याखेरीज खर्च नाही: राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये निघतात, परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास होते, बारावीत शिकत असतानाच ती द्यावी लागते, बारावीला ४५ टक्के पुरतात, चौकशी अमुक शिक्षकांकडे करावी. तो कागद अकरावीच्या वर्गातही वाचून दाखवावा आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी पुन्हा एकदा वाचावा.